गावात राहून लिहिलेले मत : प्रस्तावना

मुंबईच्या दैनिकात मंत्रिमंडळावर कोरडे ओढणारा संपादक आणि शेवगावच्या साप्ताहिकात नगरपरिषदेच्या पाणीवाटपावर लिहिणारा लेखक, या दोघांचा व्यवसाय एकच मानण्याची रीत आहे. तरी ज्याने दोन्ही प्रकारचे लेखन लक्षपूर्वक वाचले असेल त्याला हे मान्य करावे लागेल की, पहिल्याला आपल्या टीकेचा विषय झालेला मनुष्य आयुष्यात कदाचित एकदाही भेटत नाही, आणि दुसऱ्याला तो दुसऱ्याच दिवशी सकाळी एसटी स्टँडवर, आठवडे बाजारात, सोसायटीच्या कचेरीत, नाहीतर कोणाच्या दशक्रियाविधीला हटकून भेटतो. ही भेट टळत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीतून स्थानिक मतलेखनाचे सारे बळ व सारी दुर्बलता उत्पन्न होते, असे प्रस्तुत संग्रहातील लेख वाचताना माझे मत झाले. जवळ राहणाऱ्याला वस्तुस्थिती डोळ्यांनी पाहता येते. दूरच्याला ती ऐकून घ्यावी लागते. उलटपक्षी जवळच्याला भीड पडते, दूरच्याला ती पडत नाही. शेजार राखून भीड बाजूस सारणे, आणि जवळून पाहिलेली गोष्ट अशा रीतीने मांडणे की ज्याच्यावर टीका झाली त्याला तिचे उत्तर दिल्यावाचून गत्यंतर राहू नये, हे ज्याला साधले त्याचा लेख बळकट झाला, असे मी समजतो.

शेवगाव तालुका अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेस गोदावरी, नदीपलीकडे पैठण, पश्चिमेस नेवासे, दक्षिणेस पाथर्डी. तालुक्याच्या काठाला जायकवाडी धरणाचा नाथसागर लागलेला, आणि त्याच तालुक्यात टँकरची वाट पाहणारी गावेही आहेत. एका बाजूस कापूस व ऊस, दुसऱ्या बाजूस दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखात जाणारी कुटुंबे. प्रशासनाने जिल्हा एक ठरवला, निसर्गाने खोरे दुसऱ्या हिशेबाने आखले, आणि राजकारणाने मतदारसंघ तिसऱ्याच हिशेबाने कापला. असा मुलूख मतलेखनाला विषय पुरवण्यात कधी कमी पडत नाही.

आणि या मुलखाला परंपराही आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला तो खुद्द अहमदनगरात. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्या पत्राचा जन्म नगरात झाला त्याच पत्राने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला, ही गोष्ट मराठी मतलेखनाच्या इतिहासात फार मोठी आहे. जिने दुःख भोगले तिनेच ते लिहिले. मध्यस्थ कोणी नव्हता. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ त्याआधी, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून येऊ लागली होती, आणि त्यांनी मराठी निबंधाला पत्राची मोकळीक दिली, परंतु त्यांचा लेखक आपल्या समाजाला वरून उपदेश करणारा होता, आणि मुक्ता साळवे खालून हिशेब मागत होती. स्थानिक पत्रांतील उत्तम लेख पुढे ज्या दोन वळणांनी गेले ती दोन्ही वळणे अशी शतकाच्या मध्यालाच दिसू लागली होती.

‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे विस्तार नको. त्यांतील एका प्रकरणाकडे मात्र तालुक्याच्या लेखकाने वारंवार वळावे असे मला वाटते. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर आरोप करताना ‘केसरी’ने ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता, तेथील छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती, भाषा तर तेजस्वी होतीच. तरी हाती आलेला कागद तपासला गेला नाही, एवढ्याने सारा डोलारा कोसळला. आज तालुक्याच्या वार्ताहराच्या हाती रोज कोणी ना कोणी कागद आणून देतो. देणारा बहुधा प्रतिपक्षाचा असतो, आणि कागद खरा असला तरी त्यातले सोयीचे तेवढेच पान त्याने आणलेले असते.

परंतु आमच्या विषयाचा खरा आदर्श पुण्यात नव्हे, शेवगावच्या शेजारी सापडतो. मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ साप्ताहिक १९१० च्या नोव्हेंबरात सोमठाण्याहून निघू लागले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात स्थिरावले. ज्या वर्षी इंग्रज सरकारने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा नवा कायदा केला त्याच वर्षी एका शेतकऱ्याने खेड्यात वृत्तपत्र काढावे, आणि ते १९६७ मध्ये त्याचे देहावसान होईपर्यंत चालवावे, याला त्या काळी तोड नव्हती. मुकुंदराव हे ‘दीनबंधू’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे पुत्र. दत्तक म्हणून ते तरवडीच्या पाटील घराण्यात आले. सत्यशोधक विचार त्यांना जन्माने मिळाला, आणि गावकी दत्तकविधानाने. म्हणून त्यांच्या लेखनात एक गोष्ट अशी आहे जी शहरी सुधारकाच्या लेखनात क्वचितच आढळते. ते सावकाराचे खाते, कुलकर्ण्याचे दप्तर, भटजीची दक्षिणा आणि मामलेदाराचा दौरा यांविषयी लिहितात, तेव्हा ती सारी माणसे त्यांच्या रोजच्या उठाबशीतली असतात. भलाई आणि लबाडी यांचे प्रमाण त्यांना माणसागणिक ठाऊक असते.

‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांचे काव्य ओवीबद्ध पोथीच्या थाटात आहे, आणि ही निवड सहज झालेली नव्हे. ज्या श्रोत्यांना चावडीवर पोथी ऐकण्याची सवय होती त्यांच्यापुढे त्यांच्याच कानाच्या ओळखीच्या छंदात त्यांचे गाऱ्हाणे ठेवले, तर अक्षरओळख नसलेल्यालाही ते पोहोचते. वर्गणीदार एक आणि ऐकणारे अनेक, अशा काळात लेख कानाने ऐकला जाणार हे गृहीत धरून लिहावे लागे. तो काळ गेला. तरी तालुक्याच्या पत्रातला लेख आजही सलूनमध्ये, हॉटेलात, पारावर मोठ्याने वाचला जातो, आणि जो लेख मोठ्याने वाचताना अडखळतो तो स्थानिक लेख म्हणून निम्मा फुकट गेला, या माझ्या मतात मला अद्याप बदल करावासा वाटलेला नाही.

मुकुंदरावांच्या बरोबरीने आणि नंतर पुष्कळ प्रवाह मिळाले. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ १९२० मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाले, आणि युक्तिवाद पायरीपायरीने बांधून प्रतिपक्षाची वाट बंद कशी करावी याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला. १९३२ मध्ये डॉ. ना. भि. परुळेकरांनी ‘सकाळ’ काढून शहराच्या रोजच्या प्रश्नांना पहिल्या प्रतीची बातमी मानले; त्याआधी गटारावर अग्रलेख लिहिणे संपादकपदाला शोभत नसे. औरंगाबादेत अनंत भालेरावांनी ‘मराठवाडा’तून एका अख्ख्या प्रदेशाचे गाऱ्हाणे राजधानीच्या कानी घातले. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ हा वेगळाच झंझावात. त्याचे अनुकरण तालुक्यातालुक्यांत झाले, आणि स्पष्टच सांगायचे तर त्याने स्थानिक लेखनाची हानी अधिक केली. अत्र्यांच्या विशेषणांमागे अत्रे होते. अनुकरण करणाऱ्यांजवळ नुसती विशेषणे उरली.

स्वातंत्र्योत्तर काळात नगर जिल्ह्यात जे घडले ते महाराष्ट्रात इतरत्र इतक्या दाटीने घडले नाही. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्यामागून तालुक्यातालुक्यांत कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या भोवती पतसंस्था, दूधसंघ, महाविद्यालये, बाजार समित्या वाढल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. या सर्व संस्थांनी खेड्यातील मनुष्याला पत, शाळा आणि प्रतिष्ठा दिली, याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की, ज्याच्या कारभारावर लिहावयाचे तोच पत्राचा जाहिरातदार झाला. वाढदिवसाची पुरवणी, गळीत हंगामाच्या शुभारंभाचे पान, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा, दिवाळी अंकाचे मलपृष्ठ, या उत्पन्नावर छोटे पत्र वर्षभर जगते. वार्ताहराला बहुधा पगार नसतो. तोच अंकांचा विक्रेता, तोच जाहिरातींचा वसुलीदार, आणि त्यानेच परखड लिहावे अशी वाचकाची अपेक्षा. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार महाराष्ट्रात उघडकीस आला, तेव्हा बोट मोठ्या दैनिकांकडे गेले आणि ते योग्यच होते. पण तालुक्याच्या पानावर हीच गोष्ट वर्षानुवर्षे लहान प्रमाणात चालते, आणि तीत दोष एकट्या वार्ताहराचा नसतो, हे वाचकानेही ध्यानात घ्यावे.

आता बळकट लेख म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू, कारण नुसत्या व्याख्येने नवख्या वाचकाच्या हाती काही लागणार नाही. पैसेवारीचा, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचा, विषय घ्या. पावसाने ओढ दिली, कपाशी फुलगळीने गेली, बाजरी चिपाडासारखी वाळली, आणि तहसील कचेरीतून जाहीर झालेली गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर आली. म्हणजे टंचाईच्या सवलतींचा दरवाजा बंद. शासनाने शेतकऱ्यांची क्रूर थट्टा मांडली आहे, प्रशासन झोपले आहे, बळीराजा वाऱ्यावर सोडला आहे, अशी वाक्ये लिहून लेखक मोकळा होतो, आणि तहसीलदारही मोकळाच राहतो, कारण त्याला उत्तर द्यावे असे त्या लेखात काहीच नसते. दुसरा लेखक शेतावर जातो. ज्यावर पैसेवारी ठरते त्या पीक कापणी प्रयोगाचा भूखंड दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो, हे त्याला ठाऊक असते; तो भूखंड कोणत्या गटात आखला, तेथे विहिरीचे पाणी होते की नव्हते, कापणी कोणत्या तारखेस झाली, पंचनाम्यावर कोणाच्या सह्या आहेत, त्या पंचांपैकी किती जण त्या दिवशी खरोखर बांधावर हजर होते, हे तो विचारतो. मग तो लिहितो की, गावातील बहुतेक शेत कोरडवाहू असता प्रयोग बागायती तुकड्यात झाला आहे, हरकत नोंदवण्याची मुदत अमुक तारखेस संपते, आणि अर्ज अमुक अधिकाऱ्याकडे द्यावयाचा आहे. या लेखात एकही जळजळीत शब्द नसेल. पण तो छापून आल्यावर कचेरीला खुलासा करावा लागतो, आणि गावकऱ्याच्या हाती मुदतीच्या आत करण्याजोगे एक काम पडते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पैसेवारीचे पूर्वीचे महत्त्व पुष्कळ कमी झाले हे खरे. निकष बदलले, म्हणून लेखकाने नवे निकष शिकावे. भूजलाची पातळी, पावसातील खंड, जमिनीतील ओल, हे शब्द आता गावकीच्या भांडणाचे शब्द झाले आहेत.

हे सर्व दप्तर पाहण्याचा अधिकार आज लेखकाला आहे, आणि तो मिळवून देण्यात याच जिल्ह्याचा हात आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनी माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्राचा कायदा घडवून आणण्यास मोठाच हातभार लावला, आणि २००५ मध्ये केंद्राचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचे अर्जशुल्क आणि पानामागे दोन रुपये, इतक्या खर्चात रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक पाहावयास मिळते. मुकुंदरावांना ज्या दप्तराला कुलकर्ण्याच्या कृपेवाचून हात लावता येत नव्हता, ते दप्तर आज मागता येते. असे असता लेखक ऐकीव गोष्टींवर विसंबतो तेव्हा मला राग येतो, हे मी लपवीत नाही.

जवळून लिहिण्याची याहून अवघड परीक्षा पाण्याच्या वादात होते. जायकवाडी कमी भरली की नगर व नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडावयाचे, हे समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने घालून दिले, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून विसर्ग करावा, असे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आले. दर दोन-तीन वर्षांनी या प्रश्नावर नगरची पत्रे एका आवाजात बोलतात : आमचे पाणी पळवले. शेवगावच्या लेखकाने हा आवाज जसाच्या तसा उचलावा काय? त्याचा तालुका नगर जिल्ह्यात आहे. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला त्याची काही गावे आहेत, जेथे आवर्तन पोहोचेपर्यंत आटून जाते. परंतु त्याच्या शहराची तहान जायकवाडीच्या पाण्यावर भागते, नाथसागराच्या काठच्या त्याच्या शेतकऱ्यांचे मोटारपंप त्याच पाण्यावर चालतात, आणि धरण झाले तेव्हा ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांतही त्याचीच माणसे होती. म्हणजे या वादात तो दोन्ही पक्षांचा आहे. अशा ठिकाणी जिल्ह्याचा अभिमान मिरवणारा लेख लिहिणे सोपे, आणि टाळ्याही त्यालाच. जो लेखक आपल्याच जिल्ह्याच्या वाचकांना सांगतो की, वरच्या धरणाचे पाणी आपले म्हणताना खालच्या धरणातून पिणारेही आपलेच आहेत, त्याने आगरकरांचे काम केले. स्वतःच्या वर्गणीदाराला न आवडणारे सत्य त्याने वर्गणीदारापुढे ठेवले. या संग्रहात पाण्यावरचे असे लेख आहेत, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटतात.

जात या एका विषयावर मात्र जिल्ह्याच्या लेखणीचा वारंवार कस लागला, आणि ती प्रत्येक वेळी उतरली असे म्हणवत नाही. २०१३ मध्ये सोनई, २०१४ मध्ये खर्डा, २०१६ मध्ये कोपर्डी, तेथील हत्यांमुळे ही नावे साऱ्या देशाने ऐकली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. जेथे डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य न्यायासनापुढे बोलू शकत नाही, तेथे शेजारच्या तालुक्यातील मतलेखकाचे मौन हे निव्वळ सौजन्य राहत नाही. बाहेरून आलेल्या पत्रकारांनी या घटनांवर लिहिले, काहींनी उत्तम लिहिले, आणि ते परत गेले. गावात राहणाऱ्याने लिहावयाचे ते याहून वेगळे होते : यात्रेतील वर्गणी, पाणवठा, स्मशानाची वाट, शाळेतील बाक, लग्नाच्या वरातीचा मार्ग, ज्या नित्याच्या गोष्टींतून अशी घटना शिजत येते त्यांची नोंद. ती नोंद फार थोड्यांनी ठेवली. ज्यांनी ठेवली त्यांना त्रासही झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, पण तो उशाशी घेऊन कोणी निर्धास्त झोपत नाही. अशा लेखकाचे खरे संरक्षण म्हणजे, आपले नाव घालून त्याच्या बाजूस दुसऱ्या दिवशी पत्र पाठवणारा वाचक होय.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या, तालुक्याला रोजचे अर्धे पान मिळाले, आणि त्याचबरोबर मताची जागा आटली. कारण अग्रलेख मुख्य कचेरीत लिहिला जातो आणि तालुक्याकडून फक्त बातमी व छायाचित्र मागवले जाते. मत मग मोबाइलवरच्या निरोपांत गेले. तेथे ते क्षणात शेकडो लोकांपर्यंत पोहोचते, परंतु त्याला सही नसते, तारीख नसते, आणि उद्या चूक ठरले तर दुरुस्ती छापावयाची जागा नसते. छापील लेखाला कर्ता असतो, मुद्रक-प्रकाशक असतो, अंकाच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो. हरकत घ्यावयाची तर दार कोणते ठोठवावे हे ठाऊक असते, आणि म्हणून लिहिणाराही वाक्य दोनदा तोलतो. ही शिस्त पुढच्या पिढीने पाहिलीच नाही तर ती तिच्यापर्यंत कशी जाणार, या चिंतेतून संपादकांनी शेवगाव व शेजारच्या तालुक्यांतील जुने अंक चाळले, कित्येक ठिकाणी वाळवी लागलेल्या फायली झटकल्या, आणि हा संग्रह सिद्ध केला.

संग्रहाची रचना कालानुक्रमाने न करता प्रश्नांच्या अनुषंगाने केली आहे, हे मला उचित वाटले. कारण कालव्यावरचा चाळीस वर्षांपूर्वीचा लेख आणि गेल्या सालचा लेख शेजारी ठेवले म्हणजे कोणती मागणी पुरी झाली आणि कोणती तशीच पडून आहे, हे वाचकाला न सांगता समजते. जेथे लेखावर उत्तर आले होते, खुलासा आला होता, अगर संतापाचे पत्र आले होते, तेथे तेही लेखाखाली छापले आहे. काही लेखांतील भाकिते पुढे खोटी ठरली. संपादकांनी ते लेख वगळले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. ‘एक त्रस्त नागरिक’ अशा सहीची पत्रे मात्र थोडीच घेतली आहेत, आणि ती अशी की ज्यांत नाव लपवण्याचे कारण मजकुरावरूनच स्पष्ट होते.

एक उणीव राहिली आहे आणि ती संपादकांच्या ध्यानात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीने स्वतः लिहिलेला एकही लेख या पानांत नाही. तिच्याविषयीचे लेख आहेत, आणि त्यांतील दोन तर उत्कृष्ट आहेत. पण उचल किती घेतली, मुकादमाने हिशेब कसा केला, फडावर पाळणा कोठे बांधला, आणि मागे गावात मुलांची शाळा कोणाच्या भरवशावर सोडली, हे तिच्या हातचे अजून कोणत्याही अंकात सापडले नाही. तालुक्यातल्या बोधेगाव-चापडगावच्या बाजूस आज महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आहेत, ज्यांचे बालपण ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत गेले. त्यांनी लिहिलेला मजकूर संपादकांकडे आला तर तो पुढील आवृत्तीत प्रथम छापला जाईल, असे त्यांनी मला सांगितले आहे, आणि ते येथे नमूद करण्याची परवानगीही दिली आहे.